चंद्रावर लावलेला फोन, पाच मिनिटं : निक्सन यांच्या रोजनिशीचं एक पान

माझी नात आठवीत आहे. मागच्या महिन्यात तिला शाळेच्या प्रकल्पासाठी चंद्रावरच्या पहिल्या स्वारीची माहिती हवी होती. संगणकावर काहीतरी उघडून बसली होती, तिथूनच तिने हाक मारली, "आजी, लवकर ये, इथे फोनचा रकाना आहे!"

मी १९७४ साली पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बाहेरगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि पुढ्यात कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा. १८० ला फोन करून कोणी नागपूर मागायचं, कोणी सांगली. प्रत्येक कॉलचं एक तिकीट व्हायचं. कोणी मागितला, कुठला नंबर, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, पीपी, म्हणजे ठरावीक माणसासाठीच, आहे का, किती वाजता लागला, किती वाजता सुटला. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर, वाढवू का?" घरूनच थेट नंबर फिरवून बाहेरगावी फोन लावायची एसटीडी घरोघरी पोचली आणि आमचा बोर्ड थंडावत गेला, तोवर माझ्या हातून अशी किती तिकिटं लिहिली गेली याचा हिशेब नाही. म्हणून फोनचा रकाना म्हटल्यावर मी पोळ्या टाकून आले.

तिने उघडलं होतं ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या दैनंदिन डायरीचं एक पान. डायरी म्हटलं की आपल्याला स्वतः लिहिलेली, मनातलं सांगणारी वही वाटते. ही तशी नाही. राष्ट्राध्यक्ष दिवसभर कुठे होते, कोणाला भेटले, कोणाशी फोनवर बोलले याची सरकारी माणसांनी मिनिटामिनिटाने टाइप केलेली ही नोंद आहे. कॅलिफोर्नियातलं योर्बा लिंडा हे निक्सन यांचं जन्मगाव. तिथे त्यांच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, आणि २००७ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. त्याच्या संकेतस्थळावर या रोजनिशीच्या स्कॅन केलेल्या फाइली पंधरवड्याच्या हिशेबाने ठेवलेल्या आहेत. पैसे नाहीत, नाव नोंदवायचं नाही, पुण्यात कोथरूडमध्ये बसलेल्या बाईला ही कागदपत्रं कशाला हवीत असंही कोणी विचारत नाही. मला याचंच पहिल्यांदा कौतुक वाटलं.

आता पान कसं आहे ते सांगते. वर एका चौकटीत दिवस कुठे सुरू झाला ते ठिकाण, शेजारी तारीख, खाली वेळ आणि वार. मग उभे रकाने. डावीकडे वेळेचे दोन : आत आणि बाहेर. त्यांच्या शेजारी फोनचा रकाना. राष्ट्राध्यक्षांनी फोन लावला असेल तर पी, त्यांना आला असेल तर आर. आणि तो पी किंवा आर कुठे लिहायचा? गावातल्या गावातला फोन असेल तर लोकलच्या घरात, बाहेरगावचा असेल तर लाँग डिस्टन्सच्या घरात. मी खुर्ची ओढून बसले. आमच्या तिकिटावरची निम्मी माहिती या दोन अक्षरांत बसवली होती. उरलेल्या रुंद जागेत काय घडलं ते, एका वाक्यात, विशेषणांशिवाय.

पान २० जुलै १९६९ चं होतं. वार रविवार.

त्या दिवशी मी पुण्यात काय करत होते ते मला लख्ख आठवतं, कारण आमच्या घरात त्या शनिवार-रविवारी चंद्राचा विषयच नव्हता. शनिवारी, १९ जुलैला रात्री, इंदिराबाईंनी रेडिओवरून चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली होती. त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती आणि माझे वडील तिथे कारकून होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात रविवारभर लोक येऊन त्यांना विचारत होते, आता नोकरीचं काय, ठेवींचं काय. बाहेर पाऊस लागलेला. वडिलांकडे उत्तर नव्हतं आणि चहाचं आधण उतरत नव्हतं. पुण्यात तेव्हा टीव्ही नव्हता. चंद्र आमच्याकडे आला तो सोमवारी सकाळी, समोरच्या बिऱ्हाडातल्या रेडिओतून.

अमेरिकेची वेळ आणि आपली वेळ यांत त्या उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर होतं. यान उतरलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दुपारचे ४ वाजून १७ मिनिटं झाली होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटून पावणेदोन. नील आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते तिथल्या रात्री १०.५६ ला, म्हणजे आपल्या सकाळी ८.२६ ला. आणि पानावर जी नोंद शोधायला नातीने मला बोलावलं ती आहे रात्री ११.४५ ते ११.५० ची. आपल्याकडे सोमवारचे सव्वानऊ. त्या मिनिटाला आई माझी वेणी घालत होती आणि वडील छत्री शोधत होते, सरकारी झालेल्या बँकेत पहिल्यांदा जायला.

नोंदीत इतकंच आहे की राष्ट्राध्यक्षांनी अपोलो ११ चे अंतराळवीर नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन यांच्याशी, ते चंद्रावर असताना, आंतरग्रहीय संभाषण केलं.

आंतरग्रहीय! चंद्र हा ग्रह नाही हे माझ्या नातीने लगेच सांगितलं आणि ते बरोबरच आहे. पण मी त्या टाइप करणाऱ्या व्यक्तीच्या जागी बसून पाहिलं. तुमच्यापुढे छापील नमुना आहे. त्यात फोनला दोनच घरं आहेत, गावातला आणि बाहेरगावचा. असा फोन आजवर कोणी लावलेला नाही, म्हणून त्याला शब्दही कोणी ठरवलेला नाही. वरिष्ठांना विचारावं तर त्यांनाही माहीत नसणार. तेव्हा त्या व्यक्तीने आपल्या अकलेने एक मोठा, पोशाखी शब्द निवडला आणि बाकीचं वाक्य नेहमीच्या साध्या चालीत ठेवलं. ही एका कारकुनाची भावना आहे आणि नियम न मोडता जितकी दाखवता येते तितकीच दाखवली आहे. मला त्या वाक्याने गलबलून आलं.

तो कॉल कसा जोडला असेल हे मला कळतं, निदान त्यातली भीती कळते. व्हाइट हाउसमधून ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात आणि तिथून रेडिओने चंद्रावर, सरासरी सुमारे ३,८४,००० किलोमीटर. आवाज जायला सव्वा सेकंदाहून जास्त, उत्तर यायला तितकाच. सुरुवातीला परदेशचे उपग्रहावरचे कॉल आले तेव्हा आम्हाला असाच अडथळा व्हायचा. माणूस "हॅलो" म्हणतो, पलीकडून काही येत नाही, तो पुन्हा "हॅलो" म्हणतो आणि तेवढ्यात पलीकडचं पहिलं उत्तर येऊन आदळतं. आम्ही लोकांना सांगायचो, बोलून झाल्यावर जरा थांबा. निक्सन थांबत थांबत बोलले. व्हाइट हाउसमधून झालेला हा सर्वांत ऐतिहासिक फोन, असं ते त्याच कॉलवर म्हणाले. जगभर कोट्यवधी लोक ऐकत असताना लाइन तुटली असती तर? ती जोडून ठेवणाऱ्यांची नावं या पानावर नाहीत. आमचीही कुठल्या पानावर नाहीत.

याच अभिलेखागारात त्या आठवड्यातला आणखी एक कागद आहे. रोजनिशी वाचणाऱ्याने तो शेजारी ठेवूनच वाचावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. १८ जुलै १९६९ चं टिपण, भाषणं लिहिणाऱ्या विल्यम सफायर यांनी राष्ट्राध्यक्षांचे मुख्य सहायक हॅल्डमन यांना पाठवलेलं. विषय : चंद्रावर अनर्थ झाला तर. दोघं तिथून परत निघू शकले नाहीत तर राष्ट्राध्यक्षांनी देशाला उद्देशून काय बोलायचं ते त्यात लिहून ठेवलं होतं. ते भाषण पुष्कळांना माहीत असेल. मी थबकले ते खालच्या सूचनेपाशी. निवेदन करण्याआधी राष्ट्राध्यक्षांनी विधवा होऊ घातलेल्या प्रत्येक स्त्रीला फोन करावा.

रात्रपाळीला लाइटनिंग कॉल आला की बहुतेक वेळा काय असतं हे आम्हाला ठाऊक असायचं. लाइटनिंगचा दर ऑर्डिनरीच्या आठपट, एवढे पैसे कोणी सुखासुखी मोजत नाही. एकदा पहाटे तीनला सोलापूरहून एका घरी जोडून दिला होता. पीपी होता, म्हणजे ज्याच्याशी बोलायचं तो माणूस लाइनवर आल्याची खात्री आम्हीच करायची. त्या गृहस्थांचं "कोण बोलतंय?" हे झोपेतलं वाक्य मी ऐकलं, आणि पुढच्या क्षणी त्यांना काय कळणार आहे हे त्यांच्या आधी मला माहीत होतं. मी कॉर्ड लावली आणि वेळ लिहिली. तेव्हा २० जुलैच्या त्या पानावर जो कॉल आहे तो वाचताना, जो लावावा लागला नाही तोही मला दिसतो. त्या दोन घरांतले फोन रात्री वाजले नाहीत. यान २४ जुलैला समुद्रात सुखरूप उतरलं.

आता या नोंदी बनतात कशा ते थोडं. एकच माणूस राष्ट्राध्यक्षांच्या मागे वही घेऊन फिरत नाही. सुरक्षारक्षक हालचालींच्या वेळा टिपतात, निवासातले सेवक कोण आलं-गेलं ते लिहितात, फोनच्या बोर्डावरच्या ऑपरेटर कॉलच्या वेळा ठेवतात. हे सगळे तुकडे एकत्र करून, एकमेकांशी ताडून मग पान तयार होतं. त्यामुळे त्यात खाडाखोड दिसत नाही आणि एका साक्षीदारावर सगळी मदार राहत नाही. निक्सन यांच्या आधीचे जॉन्सन, त्यांची रोजनिशी त्यांच्या सेक्रेटरी लिहीत आणि तिच्यात माणसांचे स्वभाव, खोलीतलं वातावरण अधूनमधून डोकावतं. वाचायला ती जास्त रंगतदार. पण वेळेसाठी मी निक्सन यांच्या पानांवर जास्त विसंबेन.

पूर्वी तिथे राष्ट्राध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जाई. पायउतार झाले की ट्रंका भरून घरी. ज्यापायी निक्सन यांना पद सोडावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये संसदेने खास कायदा करून त्यांची कागदपत्रं आणि ध्वनिफिती ताब्यात घेतल्या आणि १९७८ च्या कायद्याने पुढच्या सगळ्यांचे कागद जनतेचे ठरवले. ९ ऑगस्ट १९७४ चं त्यांचं राजीनाम्याचं पत्र एका वाक्याचं आहे. त्यावर परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी ते मिळाल्याची वेळ टाकली आहे, ११.३५, आणि खाली आद्याक्षरं. वेळ आणि सही. एवढा बलाढ्य माणूस, त्याचं जाणंही शेवटी आमच्या तिकिटासारखंच पूर्ण झालं.

रोजनिशीत काय मिळत नाही, तेही सांगितलं पाहिजे. बोलणं मिळत नाही. "भेटले", "बोलले", आणि मिनिटं. ज्याला गोष्ट वाचायची आहे तो दोन पानांत कंटाळेल. माझ्या मुलाने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "आई, यात काहीच नाही गं." मी त्याला २० जून १९७२ चं पान काढून दाखवलं.

वॉटरगेटच्या इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, घुसलेली माणसं १७ जूनला पकडली गेली होती. २० तारखेला सकाळी ११.२६ ते १२.४५ निक्सन आणि हॅल्डमन एका खोलीत होते अशी नोंद आहे. निक्सन यांच्या खोल्यांत तेव्हा ध्वनिमुद्रण चालायचं. त्या बैठकीची फीत पुढे न्यायालयासाठी मागवली तेव्हा तिच्यात साडेअठरा मिनिटांची घरघर निघाली. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं की फोन घ्यायला वाकताना पाय फीत ऐकायच्या यंत्राच्या पॅडलवर राहिला आणि चुकून थोडा भाग पुसला गेला असावा, साधारण पाच मिनिटांचा. तज्ज्ञांनी तपासलं तर ती फीत किमान पाच वेळा वेगवेगळी पुसलेली होती. फीत मुकी झाली, पण ते दोघं त्या वेळी एकत्र बसले होते हे रोजनिशीच्या पानावर तसंच राहिलं. मुलाने ते पान दोनदा वाचलं.

मला स्वतःला एका कागदाने वाचवलं आहे, म्हणून मी हे इतक्या पोटतिडकीने लिहिते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एका वजनदार गिऱ्हाइकाने तक्रार केली की आपण तीन मिनिटंच बोललो आणि बिल नऊचं आलं, ऑपरेटरने आपल्या ओळखीच्या माणसाला लाइन दिली असणार. वरच्या साहेबांनी मला बोलावून खुलासा मागितला, आणि त्यांचा सूर असा होता की खुलासा काहीही दिला तरी दोष ठरलेलाच आहे. तिकीट शोधायला दोन दिवस लागले. त्यावर माझ्या अक्षरात दोनदा वाढवून घेतल्याची खूण होती, लागल्याची आणि सुटल्याची वेळ होती, पाळीवरच्या सुपरवायझर बाईंची सही होती. तक्रार मागे घेतली गेली. पुढे बिलांचा निकाल लागला की जुनी तिकिटं नियमाप्रमाणे रद्दीत जात, तसं तेही गेलं असणार. ते मी मागून का घेतलं नाही, याची आजही रुखरुख लागते.

अलीकडचा एक दिवसही बघा. ६ जानेवारी २०२१, वॉशिंग्टनच्या संसदभवनावर जमाव चालून गेला तो दिवस. चौकशी करणाऱ्या समितीला अभिलेखागाराकडून ट्रम्प यांच्या त्या दिवसाचे कागद मिळाले. ते मिळू नयेत म्हणून ट्रम्प सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. त्या कागदांतल्या फोनच्या यादीत सकाळी ११.१७ पासून संध्याकाळी ६.५४ पर्यंत एकही कॉल नाही. सात तास सदतीस मिनिटं. त्या वेळात ते फोनवर बोलले होते हे साक्षींतून बाहेर आलं. ते कॉल बोर्डाच्या वाटेने गेलेच नाहीत. मोबाइलच्या जमान्यात हे होणारच, पण मला त्या रिकाम्या जागेचा त्रास झाला. आमच्याकडे दहा मिनिटं तिकीट नाही लिहिलं तरी सुपरवायझर मागे येऊन उभी राहायची.

मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी? मी म्हणेन ४ नोव्हेंबर १९७१. बांगलादेश युद्धाच्या महिनाभर आधी इंदिरा गांधी निक्सन यांना भेटायला गेल्या तो दिवस. सकाळचं स्वागत, बंद दाराआडची बैठक, रात्रीची मेजवानी, सगळं वेळेनिशी. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर आपसांत इंदिराबाईंबद्दल ज्या भाषेत बोलले ती ध्वनिफितीत पकडली गेली आहे आणि ती मी इथे लिहिणार नाही. किसिंजर यांनी २००५ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. रोजनिशीत मात्र त्या भारताच्या पंतप्रधान आहेत, पूर्ण नावाने आणि पदाने. टाइप करणाऱ्याने आपली पायरी सोडलेली नाही.

आपल्याकडेही ही परंपरा होतीच. कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. रुमालांत बांधलेले मोडी कागद आणि त्यांत पेशव्यांच्या रोजकीर्दी. कोणाला काय दिलं, कुठून काय आलं, त्या त्या दिवशी त्या त्या तारखेखाली. मी तिथे भावाबरोबर एकदाच गेले आहे आणि मोडी येत नसल्याने नुसती बघून आले. ती पानंही घरबसल्या अशी उघडता यावीत, शेजारी देवनागरी वाचन असावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोबाइलवर वाचू नका, टाइपरायटरची अक्षरं बारीक दिसतात. संगणक घ्या किंवा छापून घ्या. आणि पानाच्या मागे जोडपत्रं असतात, त्यांत मेजवानीला आलेल्यांच्या याद्या सापडतात, ती सोडू नका. तारे द्यायचे तर पाचपैकी पाच देते.

२० जुलैचं पान मी अप्पा बळवंत चौकाजवळ छापून घेतलं आणि आमच्या बोर्डावर माझ्या डाव्या हाताला बसायची तिच्याकडे घेऊन गेले. आता ती पंच्याहत्तरीची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून मीच वाचून दाखवलं. निक्सन, आर्मस्ट्राँग, चंद्र, सगळं तिने शांतपणे ऐकलं.

"किती ते किती?" तिने विचारलं.

"अकरा पंचेचाळीस ते अकरा पन्नास."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे वाढवून घेतला गं त्यांनी," ती म्हणाली, आणि पान हातात घेऊन तो रकाना बोटाने चाचपत राहिली.